पिंडाला न शिवणारा कावळा आणि आपली नजर

गेल्या वर्षी प्रकाशा येथे तापीकाठी माझ्या काकूंच्या दहाव्याला आम्ही चाळीसेक माणसे जमलो होतो. पिंड ठेवून झाले, सगळे हात जोडून अर्धगोल उभे राहिले आणि समोरच्या वडावर बसलेले चार-पाच गावकावळे आमच्याकडे पाहू लागले. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, तरी एकही कावळा खाली उतरेना. मग जे सगळीकडे होते तेच सुरू झाले. कोणी म्हणाले की नातवाच्या लग्नाची इच्छा राहिली होती, कोणी म्हणाले की शेताच्या वाटणीचे दुःख होते, आणि एका ज्येष्ठ नातलगाने, आवाज फारसा न उतरवता, शेवटच्या आजारपणात सुनेने नीट पाहिले नाही असे बोलून टाकले. जिने दोन वर्षे काकूंचे अंथरूण-पांघरूण केले ती सून तिथेच पदराआड रडू लागली. त्या वेळी माझा एक पुतण्या मोबाइल उंच धरून झाडावरच्या कावळ्यांचे चित्रीकरण करीत होता.

शेवटी घाटावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ज्यांचे सारे आयुष्य अशाच सकाळी पाहण्यात गेले असावे, आम्हां सर्वांना पायऱ्या चढून मागे जायला आणि पाठ करून बसायला सांगितले. ‘त्याच्याकडे बघत बसू नका, तो बुजतो,’ एवढेच ते म्हणाले. आम्ही पाठ केली आणि पाच मिनिटांच्या आत पिंड विस्कटलेले दिसले.

कावळ्याला मृतात्म्याचे मन कळते की नाही, या वादात मला पडायचे नाही. जिवंत माणसे मात्र त्याला फार चांगली कळतात, आणि पिंडासमोर आपण नेमके तेच करतो ज्याने कावळा दूर राहतो, असे माझे मत आहे. अमेरिकेतील कावळ्यांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की चालत येणारा माणूस थेट कावळ्याकडे पाहत असेल तर कावळा लवकर उडतो आणि त्याची नजर दुसरीकडे असेल तर तो माणसाला बराच जवळ येऊ देतो. चेहरा हसरा आहे की रागीट याने मात्र त्याला काही फरक पडत नाही. आता चाळीस माणसे, ऐंशी डोळे आणि वर रोखलेला एक मोबाइल यांची बेरीज करून पाहावी. आपल्या चेहऱ्यावरची श्रद्धा त्याच्या हिशेबात येतच नाही, येते ती फक्त रोखलेली नजर.

हे प्रयोग परक्या देशातील वेगळ्या जातीच्या कावळ्यांवर झाले आहेत, आपल्या राखाडी मानेच्या गावकावळ्यावर नव्हेत, हे मला मान्य आहे. परंतु ज्याने लहानपणी खान्देशात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर बसून बिबडे (ज्वारीचे पापड) राखले आहेत, त्याला या बाबतीत शंका येणार नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडे ज्वारीचा घाटा शिजवून खाटेवरच्या ओल्या धोतरावर बिबडे थापले जात आणि ते वाळेपर्यंत हातात काठी देऊन आम्हां मुलांना राखणीला बसवले जाई. मी बसलो की कावळे शेजारच्या निंबावर थांबत, कारण मी खडे मारीत असे. धाकटी बहीण बसली की तेच कावळे खाटेच्या माचव्यापर्यंत येत, कारण तिला खडा मारवत नसे. आजी बसली तर ते आधी तिच्या डोळ्यांकडे पाहत आणि तिला डुलकी लागल्यावरच उतरत. ‘कावयाले समदं समजस, कोन जागं शे नि कोन झोपेल शे,’ असे ती म्हणे. आम्हाला ते गमतीचे वाटे. तिच्या दृष्टीने ते साधे निरीक्षण होते.

चेहरा लक्षात ठेवण्याच्या या शक्तीचा सर्वांत गाजलेला पुरावा सिॲटलचा आहे. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठातील जॉन मार्झलफ यांनी 2006 साली आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत खुणेची कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही आवारातून फिरले, मग ते माणूस बाई असो, पुरुष असो, जाड असो की बारीक, कावळे त्याच्यावर तुटून पडल्यासारखे ओरडत. दुसऱ्याच कोणाचा मुखवटा घातला तर फारशी दखल घेत नसत. पकडलेले सातच होते, पण ओरडणारे वर्षागणिक वाढत गेले, कारण पिल्लांनी ते आईबापांकडून आणि शेजाऱ्यांनी ते शेजाऱ्यांकडून शिकून घेतले होते. हा राग ओसरायला सुमारे सतरा वर्षे लागली. ज्यांनी तो दिवस पाहिला नव्हता त्यांनीही तो डूख जपला, हे वाचताना मला आमच्या भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणांची आठवण झाली, हे लपवून ठेवत नाही.

कावळ्याच्या कुळातले इतर पक्षीही याच वळणाचे आहेत. युरोप आणि आशियाच्या बऱ्याच भागांत मॅग्पाय नावाचा काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी असतो. (आपल्याकडच्या दयाळाच्या इंग्रजी नावात मॅग्पाय येते म्हणून अनेकांचा गोंधळ होतो, पण दयाळ या कुळातला नव्हे, आपल्या शेतमळ्यांत दिसणारा मॅग्पायचा खरा भाऊबंद म्हणजे टकाचोर.) दक्षिण कोरियात सेऊलच्या विद्यापीठाच्या आवारात संशोधक मॅग्पायची घरटी तपासायला झाडावर चढत. पुढे चढलेला आणि न चढलेला अशी दोन माणसे सोबत चालत येऊन वेगवेगळ्या दिशांना गेली तेव्हा पक्षी ओरडत गेले ते चढणाऱ्याच्याच मागे. आरशात स्वतःला ओळखणारे मॅग्पाय, दगड टाकून पाणी वर आणणारे केंब्रिजचे रूक, तारेचा आकडा वाकवणारी ऑक्सफर्डची बेटी नावाची कावळी, हे सारे आता शाळकरी मुलांनाही चित्रफितींमुळे ठाऊक असते, म्हणून ते इथे पुन्हा सांगत नाही.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो व्हिएन्नाचा, 2016 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. रॅव्हन हा कावळ्याचा थोरला, भारदस्त भाऊ आहे आणि तो खाणे लपवून ठेवतो. त्याला आधी भिंतीतल्या एका झरोक्यातून पलीकडे कसे पाहता येते हे शिकू दिले. नंतर पलीकडच्या खोलीत दुसरा रॅव्हन नसताना केवळ त्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. झरोका उघडा असेल तर हा पक्षी जणू कोणी पाहत आहे अशा घाईने खाणे लपवी. झरोका बंद असेल तर तोच आवाज ऐकूनही निवांत राही. समोर कोणी दिसत नाही, तरी तिथून आपण दिसू शकतो, एवढा विचार तो करतो. त्याच्या जेमतेम चौदा-पंधरा ग्रॅमच्या मेंदूत दोनशे कोटींहून अधिक चेतापेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्यामुळे मेंदूच्या आकारावरून त्याला हिणवण्यात अर्थ नाही.

गावकावळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तो रानात राहतच नाही. माणसाच्या वस्तीपासून स्वतंत्र अशी त्याची वस्ती कुठे आढळत नाही. जहाजांवर बसून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि तिथे इतका वाढला की केनियाने 2024 मध्ये दहा लाख गावकावळे मारण्याची मोहीम जाहीर केली. ज्याचे सारे पोट माणसाच्या खरकट्यावर, कचऱ्यावर आणि श्राद्धावर अवलंबून आहे, त्याने माणसाचा अभ्यास करणे ही त्याची विद्या नव्हे, गरज आहे. भुसावळच्या फलाटावर कोणत्या डब्यातून पोळीचा तुकडा बाहेर पडेल हे तिथल्या कावळ्यांना हमालांच्या इतकेच कळते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

बिबड्यांच्या खाटेला आजी काळ्या लुगड्याची चिंधी उलटी टांगत असे. तिला विचारले तर ‘कावया मरेल दिसस’ एवढेच उत्तर मिळे. पुढे वाचले की ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी खिशातून पोहण्याची काळी चड्डी बाहेर काढताच त्यांनी स्वतः वाढवलेल्या, कावळ्याच्याच कुळातल्या जॅकडॉ पक्ष्यांनी त्यांच्यावर हल्ला केला होता, कारण हातात लोंबणारी काळी वस्तू त्यांना मेलेला सोबती वाटली. सिॲटलच्याच संशोधकांनी 2015 साली दाखवले की मेलेला कावळा हातात धरलेला माणूस कावळ्यांच्या सहा आठवड्यांपर्यंत लक्षात राहतो आणि त्या जागी खायला उतरायला ते पुढे काही दिवस कचरतात. आजीच्या चिंधीमागे हे सारे होते; तिला त्यासाठी ऑस्ट्रियाला जावे लागले नव्हते.

दहाव्याचा विधी बंद करा, असे मी म्हणत नाही. आपल्या माणसाला शेवटचा घास द्यावा आणि तो कोणी जिवंत प्राण्याने उचलावा, ही कल्पना मला आजही जवळची वाटते. माझा राग आहे तो त्या पाऊण तासात घरच्या माणसांवर, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईवर, चालणाऱ्या खटल्यावर. त्या सकाळी आमच्या आधी दोन दहावे होऊन गेले होते. कावळ्यांची पोटे भरली असतील, माणसे अनोळखी होती, गर्दी होती, सगळ्यांच्या नजरा झाडावर होत्या. इतकी कारणे डोळ्यांसमोर असताना आपण ते उत्तर मृताच्या मनात आणि सुनेच्या वागणुकीत शोधत बसतो, याचे मला दुःख होते. तिथे कोणी मोठ्या माणसाने, म्हणजे खरे तर मीच, तेव्हा बोलायला हवे होते. मी गप्प राहिलो.

यंदाच्या पितरपाट्यात काकूंच्या तिथीला मी त्यांच्या घरी गेलो होतो. सुनेने पानावर खीर, वडे, कढी आणि भाजी वाढली, ते पान धाब्यावर नेऊन ठेवले आणि मागे वळून न पाहता ती जिना उतरून स्वयंपाकघरात निघून गेली. मी माडीच्या अर्धवट लावलेल्या खिडकीआड उभा होतो. थोड्या वेळाने एक कावळा कठड्यावर उतरला, दोन उड्या मारून पानापाशी आला, आणि वडा उचलण्याआधी मान तिरपी करून त्याने खिडकीच्या फटीकडे नीट पाहून घेतले.