कर्नलच्या नोंदी आपोआप राहत नाहीत

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, डॉक्युमेंटेशन करणं (काय कसं चालतं ते लिहून ठेवणं) ही कोड न येणाऱ्यांची पळवाट आहे. खरा कर्नल कोडमध्ये असतो, तो वाचा. कोणी काय केलं ते गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास साठवणारं सॉफ्टवेअर) ठेवतंच, मग नावांच्या फायली सांभाळायच्या कशाला? असलं वाचून चांगली पोरं या कामाकडे पाठ फिरवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

"कोड हेच डॉक्युमेंटेशन." कोड काय करतो ते कोडमधून कळतं, मान्य. त्यानं काय करायला हवं, हे मात्र त्यातून कळत नाही. समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये लिनक्सवर चालणारा बोर्ड आहे. सेन्सरची 'टेम्प-वन-इनपुट' फाइल वाचली की आकडा येतो 45000. हे मिलिअंश सेल्सिअस, म्हणजे 45 अंश. हे एकक कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरिंगच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठरवलेलं आहे. उद्या एखाद्या ड्रायव्हरनं, म्हणजे सेन्सर हाताळणाऱ्या कर्नलमधल्या कोडनं, नुसते 45 दिले, तर चूक ड्रायव्हरची की आकडा वाचणाऱ्या प्रोग्रामची? दोघांचा कोड रात्रभर वाचत बसलात तरी निकाल लागणार नाही. तो लेखी नियम उघडला की लगेच लागतो.

फंक्शनच्या वर लिहिलेल्या कर्नल-डॉक कॉमेंटचंही तेच. हे फंक्शन स्लीप करू शकतं का, म्हणजे मधेच थांबून वाट पाहू शकतं का, एवढी एक ओळ तिथे नसेल आणि कोणी ते इंटरप्ट हँडलरमधून, म्हणजे हार्डवेअरच्या हाकेला ओ देणाऱ्या आणि थांबायची मुभा नसलेल्या कोडमधून, बोलावलं, तर अख्खी सिस्टीम अडकू शकते.

"गिट सगळं ठेवतं." कर्नलचा मुख्य गिट इतिहास एप्रिल 2005 मध्ये, 2.6.12-आरसी2 या आवृत्तीपासून सुरू होतो. कर्नल त्याआधी 14 वर्षं, 1991 पासून चालू होता. त्या काळातल्या कित्येकांची नावं 'क्रेडिट्स' फाइलमध्ये टिकली, कारण कोणीतरी ती हातानं लिहिली. तिथेही पहिल्याच ओळीत सांगितलंय की ही यादी निदान अर्धवट तरी आहे.

2005 नंतरचंही सगळं गिट आपणहून ठेवत नाही. पॅच (पाठवलेला बदल) कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला, बग कोणी कळवला, ही नावं कमिटच्या, म्हणजे गिटमधल्या त्या बदलाच्या नोंदीच्या, मजकुरात कोणी लिहिली तरच उरतात. 2003 मध्ये एससीओ कंपनीनं लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून आयबीएमला कोर्टात खेचलं. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर 2004 मध्ये 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ आली. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं माणूस तिथे नावानिशी लिहून देतो. गिट ती ओळ साठवतं, खरी-खोटी पाहत नाही.

आपल्याकडच्या नावांचाच विचार करा. कॉलेजच्या मेलवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, नोकरीत नुसतं नाव-आडनाव, लग्नानंतर दुसरंच आडनाव. गिटच्या लेखी ही तीन माणसं. ती एकच आहेत हे 'मेलमॅप' फाइलमध्ये कोणीतरी लिहावं लागतं, नाहीतर एका बाईचं दहा वर्षांचं काम तीन अनोळखी नावांत वाटलं जातं.

"मेंटेनर्स फाइल म्हणजे मानाची यादी." हे तर साफ चूक. मेंटेनर म्हणजे कर्नलचा एखादा भाग सांभाळणारा माणूस. गिटचा इतिहास ही फेरफाराची वही असेल, तर मेंटेनर्स फाइल हा आजचा सातबारा. फरक एवढाच की इथे नाव लागतं ते मालकीचं नव्हे, जबाबदारीचं. कुठल्या फायली कोण बघतं, चर्चा कुठे होते, की तो भाग 'ऑर्फन' म्हणजे बेवारस आहे, हे सगळं तिथे असतं. गेट-मेंटेनर स्क्रिप्ट हीच फाइल वाचून पॅच कोणाला पाठवायचा ते सांगते. पत्ता जुना राहिला, तर गारगोटीच्या एखाद्या मुलीचा पहिलाच पॅच बंद पडलेल्या मेलवर जातो. उत्तर येत नाही आणि तिला वाटतं, आपलंच काम वाईट. याचं मला फार वाईट वाटतं.

नोंदींची किंमत एप्रिल 2021 मध्ये दिसली. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचा वाद पेटला, तेव्हा त्या विद्यापीठाच्या मेलवरून आलेले जुने बदल शोधून 190 पॅच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडता आला. पुढे तपासात बहुतेक बदल योग्यच ठरले. मात्र ते सदोष पॅच खोट्या नावांनी आले होते, त्यामुळे विद्यापीठाच्या पत्त्यावरून ते सापडणारच नव्हते.

मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे. नुसत्या स्पेलिंगचे पॅच ढिगानं पाठवून रेझ्युमे सजवणारे आहेत, आणि त्यात मेंटेनरांचा वेळ जातो. पण त्यावर उपाय काम सोडणं नव्हे, चांगलं काम निवडणं आहे. डॉक्युमेंटेशनची वेब पानं बनवणारी 'मेक एचटीएमएलडॉक्स' ही कमांड चालवा, दुवे तपासणारी 'मेक रेफचेकडॉक्स' चालवा. नसलेल्या फायलींकडे बोट दाखवणारे दुवे आणि कोडमधून गेलेले पण कॉमेंटमध्ये राहिलेले पॅरामीटर समोर येतील. त्यातला एक घ्या, तो पॅरामीटर कुठल्या कमिटनं काढला ते शोधा, कॉमेंट दुरुस्त करा आणि 'फिक्सेस' टॅगमध्ये त्या कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली 12 अक्षरं लिहून पॅच पाठवा.