बोलायचं मशीन ही चैन नाही: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी मा कार्डातून, म्हणजे गुजरात सरकारच्या आरोग्य विम्यातून, चित्र दाबलं की बोलणारं मशीन मागणं चूक आहे, कारण तो साधा टॅबलेट असतो, विमा आजारासाठी असतो, टॅब हातात दिला की मूल बोलायचंच सोडतं आणि तसंही दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत सगळं फुकट मिळतंच. यातलं एकही वाक्य मला पटत नाही म्हणून लिहितेय.

साधा टॅबलेट? अहो, माझ्या भाचीला सेरेब्रल पाल्सी आहे, चित्राकडे हात नेता नेता मध्येच झटका बसतो आणि बोट भलतीकडेच पडतं, म्हणून तिच्या स्क्रीनवर भोकं पाडलेली जाड प्लास्टिकची प्लेट बसवलीय, मनगट प्लेटवर टेकवायचं आणि भोकातून एकच चित्र दाबायचं. व्हीलचेअरला टॅब लावायचा स्टँड परत वेगळा. आयआयटी मुंबईचं जेलो अ‍ॅप मराठीत आहे आणि फुकट आहे, आम्हीही तिथूनच सुरुवात केली, पण बाकीचा खर्च कोण करणार? आणि मोटर न्यूरॉन आजार (यात स्नायूंची ताकद जात जाते) बळावलेल्या पेशंटचे हातच चालत नाहीत, त्याला डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं मशीन लागतं, ते लाखांत जातं.

आता विमा आजारासाठी. मागच्या पावसाळ्यात भाची जेवेना, वरणभात समोर आला की तोंड फिरवायची, घरात सगळे म्हणाले हट्ट करतेय. ताईने टॅब पुढे धरला तर तिने 'दुखतं' दाबलं आणि मग 'दात'. दाढ आतपर्यंत किडलेली निघाली. कुठे दुखतंय हा डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर देता येणं हा उपचाराचा भाग नाही तर काय आहे? अमेरिकेतला मेडिकेअर हा सरकारी विमाही आधी या मशीनना सोयीची वस्तू म्हणून नाकारायचा, १ जानेवारी २००१ पासून ती व्हीलचेअरसारखीच वैद्यकीय साधनं धरली जातात. तिथे स्पीच थेरपिस्टने नीट तपासून लिहून द्यावं लागतं, त्यामुळे उद्या सगळेच टॅब मागतील ही भीती नको. आपल्याकडे गुजरातमध्ये जुलै २०२३ पासून मा कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांचं कव्हर आहे, पण ते दाखल होण्याचं, ऑपरेशनचं. स्ट्रोकने वाचा गेली तर अ‍ॅडमिशनचा खर्च निघतो, डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा औषधांचा वगैरे निघतो, आणि माणूस मुका घरी येतो. हे मला खरंच सहन होत नाही.

मूल बोलायचं सोडतं हे तर सरळ खोटं. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशी साधनं वापरणाऱ्यांवरचे आधीचे अभ्यास तपासले, नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं का होईना वाढलंच होतं.

राहिलं एडिप. महिना २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत अर्धी, त्यापुढे काही नाही. मकरपुऱ्यात ३२,००० पगारावर काम करणारा बाप मामलतदार कचेरीतून आवकचा दाखला काढतो तेव्हाच योजनेतून बाद होतो. शिबिरात श्रवणयंत्रं, ट्रायसिकल, ब्रेल किट वाटतात, चांगलंच आहे, पण डोळ्यांवर चालणारं मशीन मी तिथे कोणाला मिळालेलं पाहिलं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात संवादाच्या व्याख्येत ही पर्यायी साधनं स्पष्ट लिहिलीत, तरी कार्डाच्या पॅकेजमध्ये यायला अजून किती वर्षं लागणार?

तोवर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेलं कोणी घरात असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचं निरामय हे आरोग्य विमा कार्ड काढून घ्या, १ लाखाचं कव्हर आहे, मशीनसाठी नाही पण ओपीडी आणि थेरपीचे पैसे मर्यादेत परत मिळतात, स्पीच थेरपीची बिलं जपून ठेवा.