हॅरॉल्ड मॅकनेअर फक्त डोनोव्हनच्या मागे वाजवत नव्हता

साठच्या दशकातल्या लंडनच्या संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: ‘मॅकनेअर म्हणजे गायक डोनोव्हनच्या गाण्यांत फ्लूट वाजवणारा जमैकन सेशनवाला, रेकॉर्डिंगपुरता बोलावलेला वादक. स्वतःचं असं फारसं काही नाही, लवकर गेला म्हणून राहून गेलं.’ हे मला अजिबात मान्य नाही.

‘स्वतःचं काही नाही’? डोनोव्हनच्या १९६७च्या ‘देअर इज अ माउंटन’मधला फ्लूट त्याचाच, हे खरं. पण त्याच्या आधीच, १९६५ मध्ये, आयलंड या रेकॉर्ड कंपनीने त्याचा ‘अफेक्शनेट फिंक’ हा अल्बम काढला होता. त्यात बास आणि ड्रम्सवर आहेत डेव्हिड आयझेन्झन आणि चार्ल्स मॉफेट, म्हणजे थेट जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या त्रिकुटातले दोघे! पुढे १९६८ मध्ये ‘हॅरॉल्ड मॅकनेअर’, मग १९७० मध्ये ‘फ्लूट अँड नट’ आणि ‘द फेन्स’.

‘फ्लूटवाला’ हेही अर्धवट. तो अल्टो आणि टेनर सॅक्सोफोनही तितक्याच ताकदीने वाजवायचा. किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूलचा तो विद्यार्थी. सॅक्सोफोनवादक जो हॅरियटही तिथलाच. मुंबईत जन्मलेल्या गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वांबरोबर ‘हम दोनो’ हा अल्बम करणारा तोच हॅरियट. अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्सच्या बिग बँडबरोबर, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर, मॅकनेअर युरोपभर वाजवून आला. जानेवारी १९७० मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ड्रमर जिंजर बेकरच्या ‘एअर फोर्स’ या बँडमध्ये ढोलताशांच्या त्या गदारोळातही त्याचा सॅक्सोफोन आहे.

आणि फ्लूट म्हणजे गाण्याला लावलेली नाजूक झालर, असं वाटत असेल तर १९६८च्या अल्बममधलं ‘द हिपस्टर’ लावा. फुंकताना तो गळ्यातून सूर गुणगुणतो. दोन आवाज एकमेकांवर घासतात आणि स्वराला खरखरीत धार येते. केन लोचच्या ‘केस’ या चित्रपटात (१९६९) मात्र तोच माणूस किती मोकळा, उघड्या माळावरचा सूर लावतो! संगीत जॉन कॅमरनचं, फ्लूट मॅकनेअरचा. एवढा पल्ला असलेल्या वादकाला ‘साथीदार’ म्हणून मोकळं व्हायचं, याचा मला राग येतो.

राहिला मृत्यू. ७ मार्च १९७१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, अवघ्या ३९व्या वर्षी. पण तोवर रेकॉर्ड झाल्या होत्या. पुढे त्या बाजारात मिळेनाशा झाल्या, ‘अफेक्शनेट फिंक’ची मूळ प्रत तर संग्राहकांच्याच हाती लागते. दुसरीकडे, ज्या गाण्यांतून त्याचा फ्लूट घराघरांत पोहोचला त्यांच्यावर नाव गायकाचं होतं.