चौऱ्याऐंशी

आत्याचा आधार क्रमांक मी आजवर सतरा वेळा टाइप केलाय. त्यातले सोळा एकाच संध्याकाळी.

तिला ज्येष्ठ नागरिकांच्या कसल्याशा सवलतीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. ती वाईला, मी पुण्यात, मध्ये फोन. बारा आकडे ऐकायचे नि बारा दाबायचे, यात चुकण्यासारखं काय आहे? पण आत्याने पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पाढे घेतलेत. सुटे आकडे सांगणं तिला कमीपणाचं वाटतं. ती जोडीनेच सांगणार.

"लिही. चौऱ्याऐंशी."

मी ४ दाबला. मग ८.

कानावर आधी 'चौ' पडतो, त्याला मी काय करू? ऐंशी मागाहून येते, पहिली पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी. तोवर बोट मोकळं झालेलं असतं. पुढे 'एकोणऐंशी' आलं. एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद या तिघी मला शाळेपासून सख्ख्या बहिणी वाटत आल्यात. कोण थोरली ते आईच सांगू जाणे.

"आत्या, सुटे सांग ना. आठ, चार."

"म्हणजे तूही आता 'ऐंशी चार' म्हणणार?"

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर जो गदारोळ झाला त्यात वाईचा आवाज आत्याचा होता. जोडाक्षरांचा जाच मुलांना कसा होतो, हे गणितज्ञ मंगला नारळीकरांनी परोपरीने समजावलं. आत्या समजली नाही. चाळीस ओलांडलेल्या मला त्या संध्याकाळी लख्ख समजलं.

प्रत्येक वेळी बारावा आकडा पडला की खाली लाल अक्षरं: 'क्रमांक अवैध आहे.' दहाव्या खेपेला मी वैतागून राउटरकडे पाहिलं, तर नेट कधीचंच गेलेलं. तरी लाल अक्षरं आलीच! म्हणजे दिल्लीला न विचारताच या फोनला कळत होतं की मी चुकलोय. माझ्या सासऱ्यांनंतर हे सामर्थ्य मी प्रथमच पाहत होतो.

"बाबा, शेवटचा आकडा चेक डिजिट असतो," इंजिनीअरिंगला असलेली लेक म्हणाली. "आधीच्या अकरांवरून तो ठरतो. जुळला नाही की लाल."

तो कसा ठरतो हे दाखवायला तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून एक पंचकोन कापला आणि वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी, पेनाने टिंब दिलं. हा पुठ्ठा जागच्या जागी पाच प्रकारे ठेवता येतो. पालथा करून आणखी पाच. दहा अवस्था, म्हणजे दहा अंक. आकडे जोडायचे म्हणजे या हालचाली एकापाठोपाठ एक करायच्या. आता एक घर उजवीकडे फिरवून मग डावी-उजवी बाजू पालटली, टिंब डावीकडे. आधी पालटून मग एक घर उजवीकडे फिरवला, टिंब उजवीकडे! मी चार वेळा करून पाहिलं, खुर्चीसकट वळून पाहिलं. साध्या बेरजेत आठ अधिक चार काय नि चार अधिक आठ काय, सगळं बारा. इथे क्रम बदलला की उत्तर बदलतं, आणि माझी चोरी पकडली जाते. नुसत्या फिरवण्यांचा क्रम बदलून मात्र काही फरक पडत नाही, म्हणून प्रत्येक जागेनुसार अंकांची आधीच अदलाबदल करून घेतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर ही युक्ती ते हमखास पकडते. डेबिट कार्डावरचं गणित जरा भोळं आहे: एक सोडून एक आकडा दुप्पट करून बेरीज घेतात, आणि तिथे ०९ चं ९० झालेलं निसटून जातं.

आधारचं हे गणित १९६९ साली याकोबस व्हेरहुफ या डच गणितज्ञाने मांडलं. डच लोक चौऱ्याऐंशीला काय म्हणतात? 'चार आणि ऐंशी'! हे ऐकून मला भरूनच आलं. त्या माणसाने डच टपालातल्या आकड्यांच्या चुका गोळा करून अभ्यासल्या होत्या. त्यालाही एखादी आत्या असणार.

सोळाव्या खेपेला लाल अक्षरं गेली. पण अंदाधुंद बारा आकडे दाबले तरी दहातून एखादा असा पास होतोच, असं लेक म्हणाली, आणि माझा आनंद निम्मा झाला. तेवढ्यात नेट परतलं आणि आत्याच्या फोनवर ओटीपी आला. सहा आकडे, दहा मिनिटं, आणि त्यात चेक डिजिट नाही.

"आत्या, सुटे सांग. तुला वाईच्या गणपतीची शपथ."

"बरं. सुटे तर सुटे." मग शांतता. चष्मा शोधल्याचा आवाज. मग कुकरची शिट्टी. "अरे, तो मेसेज वर गेला वाटतं. खाली विजेचं बिल आलंय. ते वाचू?"

अर्ज आपोआप कोरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. मी ब्रश तोंडात धरूनच मोबाइल घेतला.

"लिही. चौऱ्याऐंशी."

मी एक सेकंद थांबलो. मग ८ दाबला.