ट्रॅक्शन कंट्रोल बंद कसे ठेवावे

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात आमचे भाचेजावई जेवायला आले, ते जुन्या बाजारातून घेतलेल्या, दोन दारांच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमधून. खापरावरचे मांडे आणि आमरस यांना यथायोग्य न्याय दिल्यावर त्यांनी मला एक फेरी मारून आणण्याचा आग्रह धरला. मृगाचा पहिला पाऊस नुकताच उघडला होता आणि धोंड्याच्या जावयाला नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याहून यावलकडे जाताना त्या फेरीत मला जे ज्ञान झाले, ते अशीच गाडी घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम, गाडीसोबत मिळालेली पुस्तिका वाचू नये. आमच्या जावईबापूंच्या गाडीतील पुस्तिकेवरचे प्लास्टिक आधीच्या मालकानेही फाडलेले नव्हते, यावरून ही परंपरा किती जुनी आहे ते लक्षात यावे.

गाडी सुरू होताच स्पोर्ट मोड लावावा, मग समोर आठवडे बाजार भरलेला असो की शाळा सुटलेली असो. या बटणाने इंजिनाची ताकद वाढते अशी दृढ श्रद्धा बाळगावी. वास्तविक बहुतेक गाड्यांत ते दाबल्याने एकाही अश्वशक्तीची भर पडत नाही; ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, अधिक उघडतो, गिअरबॉक्स खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, स्टिअरिंग जड होते, तशी सोय असल्यास सस्पेन्शन कडक होते आणि सायलेन्सरमधील झडप उघडून आवाज मोठा होतो. परंतु आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी, हा न्याय आपल्याकडे प्रचारसभेपासून वरातीच्या डीजेपर्यंत सर्वमान्य असल्यामुळे केवळ मोटारीसाठी त्याला अपवाद करण्याचे कारण नाही. कडक सस्पेन्शनवरचे चाक खड्ड्यांतून उड्या मारते आणि हवेत असलेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते, ही किरकोळ बाब आहे. रस्त्यांविषयी मी येथे काही लिहीत नाही. वाचक याच जिल्ह्यातले आहेत.

इको मोडला हात लावू नये, कारण पेट्रोल वाचवायचे असते तर आपण ही गाडी घेतलीच नसती.

कम्फर्ट मोड सासुरवाडीच्या वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवावा आणि ते शेजारी बसले की विसरून जावा.

वेट मोड हा परदेशातील भित्र्या लोकांसाठी असतो. २०१९ च्या पोर्शे ९११ मध्ये तर पुढच्या चाकांच्या कमानींत असे सेन्सर बसवले आहेत की, ते चाकांनी उडवलेल्या पाण्याचा आवाज ऐकून रस्ता ओला असल्याचे ओळखतात आणि चालकाला हा मोड लावण्याचे सुचवतात. आपल्याला पाऊस पडून गेल्याचे काचेतून दिसत असते, तरीही आपण तो लावत नाही. यालाच आत्मविश्वास म्हणतात.

आता मुख्य विषयाकडे येऊ. घसरणाऱ्या मोटारीचे चित्र असलेले एक बटण असते, ते ट्रॅक्शन कंट्रोलचे, म्हणजे चाके जागीच घसरू न देणाऱ्या यंत्रणेचे. हे बटण गाडीचा पिकअप मारते, असे जावईबापूंना त्यांच्या मित्राने सांगितले होते. म्हणून गाव सुटताच त्यांनी ते दाबले, आणि नुसते दाबले नाही, तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा स्थिर होईपर्यंत दाबून धरले. अनेक गाड्यांत हे बटण क्षणभर दाबले तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल सैल होते, आणि काही सेकंद दाबून धरले तर गाडी सरळ ठेवणारे स्थैर्य नियंत्रणही बंद होते, हा भेद पुस्तिकेत असतो आणि पुस्तिका प्लास्टिकमध्ये असते. तोच दिवा चालता चालता लुकलुकतो तेव्हा यंत्रणा घसरते चाक आवरत असते, पण जावईबापूंच्या मते तो ‘वायरिंगचा फॉल्ट’ होता आणि बटण दाबल्यावर तो फॉल्ट गेला.

ही यंत्रणा करते तरी काय? एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी, प्रत्येक चाकावर वेग मोजणारा सेन्सर असतोच. त्याच्याच आधारे इंजिनाचा जोर मिळणारे एखादे चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरू लागल्याचे तिला कळते, मग ती इंजिनाचा जोर कमी करते किंवा तेवढ्याच चाकाला ब्रेक लावते. स्थैर्य नियंत्रण त्यापुढे जाऊन स्टिअरिंग कोणीकडे वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे याचा ताळा घेते, आणि तो जुळला नाही तर योग्य त्या एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी रेषेवर आणते. १९७८ मध्ये बॉशचे एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले आणि १९९५ मध्ये त्याच घराण्याच्या कूपेत, म्हणजे दोन दारांच्या गाडीत, हे स्थैर्य नियंत्रण आले. म्हणजे मधली सतरा वर्षे जर्मनीतील अभियंते बर्फावर गाड्या घसरवून डोके झिजवत होते, आणि त्यांचा सगळा संसार चोपड्याच्या वेशीवर एका तर्जनीने मोडता येतो. यंत्रणा पकड निर्माण करत नाही, आहे ती पकड सांभाळते, आणि टायरची पकड ही विहिरीच्या पाण्यासारखी असते: केळीला सोडले की कपाशीला उरत नाही. वळणावर ती वळण्यातच खर्ची पडत असते आणि तिथेच ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या चाकांची विहीर आटते. त्यात उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणून टाकलेली काळी माती पहिल्या पावसाने भिजून साबणासारखी झालेली असते, हे इथल्या दहा वर्षांच्या सायकलस्वारालाही ठाऊक आहे. ते मला, माझ्या बायकोला आणि बांधावरच्या म्हशीला ठाऊक आहे. ज्याने ही गाडी घेण्यासाठी कर्ज काढले त्या एकट्यालाच ते ठाऊक नव्हते, आणि त्याच्या मागच्या टायरच्या खाचा कायद्याने हव्या तेवढ्या, म्हणजे १.६ मिलिमीटरही उरल्या नव्हत्या!

असो. गाडी स्वतःभोवती फिरून नव्या लागवडीच्या कपाशीत उतरली, म्हणून पुढची सूचना शेतासाठी आहे. चिखलात रुतलेल्या गाडीचे ट्रॅक्शन कंट्रोल थोडा वेळ बंद करणे हा त्या बटणाचा एक खरा उपयोग आहे, कारण चाक जरा फिरल्याशिवाय गाडी चिखलातून निघत नाही आणि ही यंत्रणा नेमका तेव्हाच जोर काढून घेते. म्हणून जावईबापूंनी शेतात पोहोचल्यावर ते कटाक्षाने चालू केले. ‘आता सेफ्टी पाहिजे, मामा,’ असे ते म्हणाले.

ट्रॅक्टरवाल्याने बांधावरून विचारले, ‘काय भाऊ, मोटर पेरी राह्यनात का?’ मी हसलो नाही.

कारण गाडी जिथे रस्ता सोडून उतरली तिथून वीस पावलांवर लागवडीवरून परतणाऱ्या सात बाया डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन चालत होत्या. त्यांच्यातल्या एकीचा हात धरून एक लहान मुलगी होती. गाडी डावीकडे गेली. उजवीकडे गेली असती तरी जावईबापूंच्या हातात तेव्हा काहीच उरले नव्हते. त्या बायांना कोणत्या मोडमध्ये चालायला हवे होते? तुम्हाला वेगाची हौस आहे ना, मग पैसे भरून ट्रॅकवर जा, शिकवणारा शेजारी बसवा, आणि तिथे हवी ती बटणे बंद करा. गावच्या रस्त्यावर ओल्या वळणावर ते बटण बंद करणे याला हौस म्हणत नाहीत, निव्वळ माजोरीपणा म्हणतात. आणि तो करताना शेजारच्याला विचारत नाहीत, समोरून येणाऱ्याला तर नाहीच नाही.

जावईबापू, धोंडा आता तीन वर्षांनी येईल. तोवर ते प्लास्टिक फाडा आणि पुस्तिका वाचा. दोन्ही मागचे टायर बदला. मांडे तेव्हाही मिळतील, पण येताना एसटीने या. आणि त्या शेतकऱ्याच्या मोडलेल्या कपाशीचे आणि ट्रॅक्टरचे पैसे मी भरले आहेत, ते आधी पाठवा.