बोटॉक्स सापाचं विष, मग लिंबू-सोडा काय अमृत?

आमच्या आत्याने गेल्या आठवड्यात परत तोच मेसेज ढकलला. सुरकुत्या घालवायचं ते बोटॉक्सचं इंजेक्शन सापाच्या विषापासून बनतं, एकदा घेतलं की सुटत नाही, सोडलं की दुप्पट सुरकुत्या, मशीनच्या ट्रीटमेंटने कातडी पातळ होते, त्यापेक्षा लिंबू आणि खायचा सोडा लावा १५ दिवसांत फरक बघा, आणि घरात असणाऱ्या बायकांना सनस्क्रीन कशाला हवं. खाली 'सर्व भगिनींना पाठवा'. आत्या, राग मानू नकोस पण आता एकेक घेतेच.

सापबिप काही नाही गं, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा बॅक्टेरिया असतो त्याचं टॉक्सिन आहे ते. विष आहे का, तर आहेच, पण भुवयांमधल्या आठ्यांना साधारण २० युनिट, पाच जागी टोचून, म्हणजे अगदी किंचित. आणि हे सौंदर्यासाठी आलंच नव्हतं मुळात, तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटणं यासाठी अमेरिकेत १९८९ला परवानगी मिळाली. तिकडे कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर, त्यांच्या पापण्यांच्या एका पेशंटला आवडायला लागलं की भुवयांमध्ये इंजेक्शन दिलं की कपाळ कसं शांत दिसतं. बाईंचा नवरा स्किनचा डॉक्टर, मग काय, दोघांनी मिळून १९९२ला पेपर छापला आणि २००२ला आठ्यांसाठीही अमेरिकेत परवानगी आली.

सोडलं की दुप्पट, हे पण नाही. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो, तीन-चार महिन्यांनी परत सुरू होतो, चेहरा होता तिथे येतो. चार महिने आरशात गुळगुळीत कपाळ बघायची सवय झाली की जुन्याच आठ्या जास्त वाटतात, एवढंच.

मशीनचं म्हणशील तर रेडिओफ्रिक्वेन्सी, अल्ट्रासाउंड यात कातडीच्या आतल्या थराला उष्णता देतात म्हणजे तिथे नवीन कोलॅजन, कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हावं, पातळ करायचा हेतूच नाही. फरक बेताचाच पडतो हं, लोंबलेली हनुवटी ऑपरेशनसारखी वर जात नाही, तसं सांगणारा फसवतोय. पण मेसेजवाल्याला भीतीच घालायची होती तर खरी घालायची ना! आपल्या सावळ्या कातडीवर लेझर किंवा पील (केमिकल लावून वरची साल काढतात ते) चुकलं की काळे डाग पडतात. मावसबहिणीच्या लग्नाआधी मी एका पार्लरमध्ये पील करून घेतलं, ताई म्हणाली दोन दिवसांत साल निघेल, साल निघाली आणि उजव्या गालावर रुपयाएवढा काळा डाग राहिला, जायला सात महिने लागले. सगळ्या फोटोत मी डावीकडूनच आहे.

आता तो लिंबू-सोडा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. लिंबाचा पीएच २च्या आसपास, सोड्याचा ८च्या वर, आपली कातडी ५च्या जवळपास. वाटीत एकत्र केलं की फसफसतं ना, ते दोघं एकमेकांना मारतायत, सुरकुतीला काही होत नाहीये. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलीस तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सनस्क्रीनवर मात्र मला खरंच चीड आली. २०१२ला एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, वय ६९, २८ वर्षं गाडी चालवली, खिडकीकडचा डावा गाल जाड आणि खोल सुरकुत्यांचा, उजवा कितीतरी तरुण. एकाच माणसाचा चेहरा! उन्हातले सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण काचेतून आत येतात, त्यामुळे 'घरातच असते' हे चालत नाही. ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाच्या गावात साडेचार वर्षं लोकांवर बघितलं, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण बाकीच्यांपेक्षा २४ टक्के कमी निघालं. हे २०१३चं. बोटॉक्सच्या एका सिटिंगपेक्षा ट्यूब कितीतरी स्वस्त पडते, पण 'भगिनींना पाठवा' म्हणण्यासारखं त्यात काही नाही ना.

तू तर दुपारभर त्या खिडकीशी निवडणं घेऊन बसतेस आणि एप्रिलात वाळवणांसाठी गच्चीवर. येताना ट्यूब घेऊन येते. लिंबं आणली असशीलच, त्याचं लोणचं घाल, फक्त यंदा मीठ जरा बेतानं.