खड्डाच तर खणायचाय!

भूमिपूजनाला गुरुजी कोण, मुहूर्त कुठला, पेढे कुठून आणायचे यावर आपल्याकडे आठवडाभर खल चालतो. खड्डा कोण खणणार हे मात्र आदल्या रात्री ठरतं. नाक्यावर जेसीबी उभेच असतात. एकाला फोन लावायचा, तासाचा भाव पाडून घ्यायचा, झालं! मी इंदूरमध्ये घरांची कामं बघते आणि माझं स्पष्ट मत आहे की घर बांधताना सगळ्यात चुकीच्या जागी केलेली काटकसर ती हीच. टाइल्स पुढे कधीही बदलता येतात. पायाखालची माती कोण बदलणार?

मुळात आपण राहतो माळव्याच्या पठारावर. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर मुरूम, त्यावर काळी माती. सोयाबीन-गव्हाला सोनं, घराला वैरीण. हिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात इंदूरजवळ राऊकडच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत मनगटापर्यंत हात जातो. जुलैत त्याच भेगा गायब. हलकं एकमजली घर असेल तर ही माती त्याला दरवर्षी थोडं उचलते, थोडं खाली सोडते. दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर, पावसाळ्यात अडकणारं स्वयंपाकघराचं दार, भिंतीपासून सुटलेली पायरी, यातलं बरंचसं तिचं काम असतं. शिव्या मात्र प्लास्टरवाला खातो.

म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद पाया, बसवायचं ते काळी माती संपून पक्का मुरूम लागेल तिथे. एकाच कॉलनीत कुणाला तो चार फुटांवर मिळतो, कुणाला आठ फुटांवरही नाही, तेव्हा ‘शेजाऱ्यांनी पाच फूट खणलं, आपणही पाच’ हा हिशेब चालत नाही. मुरूम फारच खोल असेल तरी उपाय आहेत. रुडकीच्या सीबीआरआय या बांधकाम संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर गोळा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी तर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर मध्ये घालून काळ्या मातीचा जोर अडवायची पद्धत मांडली. पण आधी खाली काय आहे ते कळायला हवं. तासावर आलेल्या मशीनवाल्याला ते कळून घ्यायचं काही कारण नाही. त्याचा मीटर चालू आहे.

चांगला ठेकेदार कसा ओळखायचा? शेवटचे सहा इंच बघा. मशीनच्या बकेटचे दात तळाची माती उकरून सैल करतात, म्हणून जाणता माणूस मशीन थोडं वरच थांबवतो आणि बाकीचं फावड्या-कुदळीने हाताने साफ करून घेतो. कुठे जास्त खणलं गेलंच तर तिथे सुटी माती ढकलून पाय देत नाही, पीसीसी म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट भरतो. आमच्या एका साइटवर झाबुआकडचा एक मजूर खड्ड्याच्या तळाशी सळई टोचत फिरत होता. एका कोपऱ्यात सळई सहज वीतभर आत गेली. काही न बोलता त्याने वर बघितलं. तो कोपरा आणखी दोन फूट खणावा लागला. ठेकेदाराने त्याचे पैसे मागितले, मालकांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, काका, हे पैसे द्याच.

खरा घोळ भरावात. फुटिंग झालं, कॉलम वर आले, आता प्लिंथ, म्हणजे जोतं, भरायचा. बाहेर तीच काळी माती ढिगाने पडलेली. ठेकेदार म्हणतो, “मॅडम, बाहर फेंकने का भाड़ा अलग, भरने का मुरम अलग! यही डाल दो, पानी छोड़ दो, एक बारिश में सब बैठ जाएगी.” बसते ना भिया, पण वरची फरशी घेऊन बसते. आणि पुढच्या पावसात उठतेही. भराव मुरुमाचाच हवा, सहा-आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर ओलवून आणि ठोकून. नुसतं पाणी सोडणं म्हणजे दबाई नव्हे. प्रत्येक मातीची एक ठराविक ओल असते, त्या ओलीला ती सगळ्यात घट्ट बसते. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने हे 1933 सालीच दाखवून दिलंय.

पैशांची भांडणंही इथलीच. समजा तीस बाय पन्नासचा प्लॉट सरसकट चार फूट खणला, तर खड्डा 6000 घनफुटांचा. पण खणलेली माती सैल होते, 25 टक्के फुगवटा धरला तरी डंपरमध्ये ती 7500 भरते. मालक खड्डा मोजतो, ठेकेदार डंपर मोजतो, आणि दोघंही एकमेकांना चोर समजतात. माप खड्ड्याचं की गाडीचं, एवढं आधी कागदावर घ्या. ती माती जाणार कुठे हेही विचारा. स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहराने रात्री नाल्यात माती ओतणं शोभत नाही.

सुरक्षेवर बोललं की लोक कंटाळतात, तरी बोलते. दीड मीटरपेक्षा खोल चर खणला तर त्याला आधार द्यावा नाहीतर उतार द्यावा, असं आयएस 3764 हे भारतीय मानक सांगतं. घनमीटरभर माती दीड टनाहून जड असते. छातीवर आली तर माणूस ओरडूही शकत नाही. आणि तरी आपण काठावरच ढीग रचतो, वर मुलं उभी करून फोटो काढतो!

आता जमिनीत आधीच जे आहे त्याबद्दल. केबल, गॅस, नर्मदेच्या पाण्याची लाइन. मार्च 2023 मध्ये केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आणलं ते ह्याचसाठी, खणण्याआधी केबल-पाइपवाल्यांना कळवायला. पण जुन्या विहिरी आणि बावड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, बातमी तिथे मिळत नाही. त्याच महिन्याच्या 30 तारखेला, रामनवमीला, इंदूरच्याच स्नेहनगर भागातल्या मंदिरात बावडीवरचा स्लॅब कोसळून 36 माणसं गेली. त्या बावडीवर छत घालून वर वावर चालू होता. बुजवलेल्या विहिरी आपल्या वस्त्यांतही असणार, आणि वरून काही दिसत नाही. सपाट प्लॉट, मालक खूश.

तेव्हा रामबाग, नारायण बाग, जुनी इंदूर इकडच्या आजी-आजोबांना विचारा. कुठे पाणी भरायला जायचात? कुठली विहीर कधी बुजवली? आठवत असेल ते गल्लीच्या नावासकट खाली लिहा. तुमच्या शेजारी जुना वाडा पाडून नवं काम निघालं असेल तर तिथल्या ठेकेदारालाही जाऊन सांगा, मशीन यायच्या आधी.